कंटेनरमधला ‘रूट’ बाहेर कोण असतो?

पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकावर उतरून हजारो लोक ज्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात, तिचे सरकारी नाव तारापूर. तारापूर गाव मात्र तेथून काही किलोमीटर दूर, समुद्राच्या बाजूला. जागा एकच, तिचे नाव काय, हे तुम्ही कोणते दप्तर उघडता त्यावर ठरते. लिनक्स या संगणक प्रणालीत वापरकर्त्याच्या ओळखीबाबत अशीच व्यवस्था मुद्दाम केलेली आहे.

येथे कंटेनर म्हणजे वाढवण बंदरामुळे पालघर जिल्ह्यात सध्या ज्याची चर्चा आहे तो पोलादी डबा नव्हे. एकाच संगणकावर एखादी आज्ञावली तिच्या सर्व सामग्रीसह इतरांपासून वेगळी चालवण्याच्या पद्धतीला हे नाव पडले आहे. आतील आज्ञावलीला संपूर्ण संगणक आपलाच असल्याचे भासते. प्रत्यक्षात प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, सर्व कंटेनरांसाठी एकच असतो.

फाइलचा मालक कोण, हे लिनक्स नावाने नव्हे तर क्रमांकाने लिहून ठेवते. शून्य क्रमांक हा ‘रूट’चा, म्हणजे सर्वाधिकाऱ्याचा. मेख येथेच आहे. वेगळी तजवीज केली नाही, तर कंटेनरमधला शून्य आणि बाहेरचा शून्य एकच. त्याचे काही अधिकार काढून घेतलेले असले, तरी भिंतीला फट सापडली की आतला रूट बाहेरही रूटच ठरतो. फेब्रुवारी २०१९मध्ये ‘रनसी’ या कंटेनर चालवणाऱ्या आज्ञावलीत असाच दोष उघड झाला. कंटेनरमधल्या रूटला त्यातून यजमान संगणकावरील ती आज्ञावलीच बदलून टाकता येत होती. ज्यांनी क्रमांकांची फेरजोडणी नीट केली होती, त्यांच्याकडे हा हल्ला चालत नव्हता.

ही फेरजोडणी ‘यूजर नेमस्पेस’ करते. फेब्रुवारी २०१३मध्ये आलेल्या लिनक्स ३.८ या आवृत्तीत ती वापरण्याजोगी झाली. तिचा तक्ता तीन रकान्यांचा असतो : आतील पहिला क्रमांक, बाहेरील पहिला क्रमांक आणि एकूण किती. समजा, तेथे ०, १,००,००० आणि ६५,५३६ असे आकडे आहेत. मग आतला शून्य बाहेर एक लाख क्रमांकाचा, कोणताही विशेष अधिकार नसलेला वापरकर्ता ठरतो. आतला १,००० बाहेर १,०१,००० होतो. आत राजा, बाहेर रयत.

मात्र येथून फाइलींचा घोळ सुरू होतो. तारापूर वसाहतीतील औषधी द्रव्ये बनवणारा एखादा कारखाना कल्पून पाहू. प्रयोगशाळेच्या चाचण्यांच्या नोंदी संगणकावर १,००० क्रमांकाच्या वापरकर्त्याच्या मालकीच्या आहेत. त्या वाचून अहवाल काढणारी आज्ञावली बाहेरच्या कंत्राटदाराने कंटेनरमधून दिली. तक्त्यात बाहेरच्या १,००० क्रमांकाला जागाच नाही. त्यामुळे आतून पाहता फाइलींचा मालक ६५,५३४, म्हणजे ‘नोबडी’, कोणीच नाही, असा दिसतो. नोंद लिहायला जावे तर परवानगी नाकारली जाते.

यावर दोन उपाय सर्रास होत. पहिला, सर्वांना सर्व अधिकार देऊन मोकळे होणे. हा उपाय नव्हेच, ते कुलूप काढून फेकणे झाले. दुसरा, सर्व फाइलींची मालकी नव्या क्रमांकावर चढवणे. लाखो फाइली असतील तर त्याला वेळ लागतो, आणि वेगळा तक्ता असलेल्या दुसऱ्या कंटेनरला त्याच फाइली हव्या असतील तर पेच कायम राहतो. शिवाय औषध कारखान्यात नोंद कोणाची, हा तपासणीचा विषय असतो. तेथे सोयीसाठी मालकी पुसून पुन्हा लिहिणे बरे नव्हे.

एप्रिल २०२१च्या लिनक्स ५.१२मध्ये क्रिश्चन ब्राउनर यांच्या कामातून ‘आयडी-मॅप्ड माउंट’ आले आणि हा पेच सुटला. यात तबकडीवरील क्रमांक तसेच राहतात. फाइलींचे दालन कंटेनरला ज्या जोडणीतून दिसते, त्या जोडणीवरच भाषांतर होते. तबकडीवरचा १,००० त्या जोडणीपुरता १,०१,००० समजला जातो, म्हणजेच कंटेनरमधला १,०००. आतून निर्माण झालेली नवी फाइलही तबकडीवर १,००० याच क्रमांकाने उतरते. त्याच दालनाच्या दोन जोडण्या दोन वेगळ्या तक्त्यांनी देता येतात.

प्रत्येक फाइलप्रणालीला ही सोय एकाच वेळी मिळाली नाही. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस यांना ती आरंभीच मिळाली, बीटीआरएफएसला ५.१५मध्ये, नेटवर्कवरील एनएफएस वापरणाऱ्यांनी आधी चाचणी घ्यावी. डॉकरमध्ये क्रमांकांची फेरजोडणी २०१६पासून उपलब्ध असली, तरी ती आपोआप सुरू नसते, सांगावी लागते. कुबरनेटीसमध्ये २०२५च्या १.३३ आवृत्तीपासून ही सुविधा मुळातच खुली आहे. तरीही प्रत्येक कामासाठी तिची मागणी नोंदवावी लागते.

सामान्य वापरकर्त्याला यूजर नेमस्पेस उघडू देण्याने कर्नेलचे एरवी बंद असणारे काही भागही त्याच्या आवाक्यात येतात. म्हणून उबुंटू २४.०४ने त्यावर निर्बंध घातले. तेव्हा बोईसरच्या त्या कारखान्याने कंत्राटदाराला पहिला प्रश्न विचारावा तो हा : तुमच्या कंटेनरमधला शून्य आमच्या संगणकावर कितवा?