सासू, जावई आणि चार अक्षरं

मंडळी, ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये कधी ना कधी तो फॉर्म तुमच्याही हातात पडला असेल. भरपूर प्रश्न, शेवटी चार इंग्रजी अक्षरं. मग आठवडाभर कॅन्टीनमध्ये एकच विषय, "अरे, तो 'आय' आहे ना, म्हणून मीटिंगमध्ये गप्प असतो!" 'आय' म्हणजे इंट्रोव्हर्ट, अंतर्मुख.

या फॉर्मचं नाव मायर्स-ब्रिग्ज. गंमत म्हणजे याची सुरुवात प्रयोगशाळेत नाही, घरात झाली.

अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज नावाच्या बाई होत्या. त्यांच्या मुलीने, इझाबेलने, १९१८ साली क्लॅरेन्स मायर्सशी लग्न केलं. जावई चांगला होता, पण स्वभाव सासरच्यांपेक्षा अगदीच वेगळा. हे लोक कल्पनेत रमणारे, तो व्यवहारी, तपशिलात शिरणारा, पेशाने वकील. आपल्याकडे अशा वेळी सासूबाई नाक मुरडतात. कॅथरिनबाई मात्र पुस्तकं घेऊन बसल्या! थोरामोठ्यांची चरित्रं वाचून त्यांनी स्वभावाचे चार प्रकार पाडले. १९२३ साली कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या १९२१ च्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर आलं. ते वाचल्यावर हा माणूस आपल्या कितीतरी पुढे गेलाय हे त्यांना कळलं, आणि सांगतात की त्यांनी स्वतःच्या नोंदी चक्क जाळून टाकल्या.

पुढचं काम मुलीने केलं. इझाबेलची पदवी राज्यशास्त्राची, आणि तोवरची कमाई म्हणजे एक बक्षीस मिळालेली रहस्यकथा. मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण शून्य. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि बायका मोठ्या संख्येने कारखान्यांत आल्या. कोणाला कुठलं काम मानवेल हे ठरवायला मदत व्हावी, आणि माणसांनी एकमेकांना जरा समजून घ्यावं, म्हणून तिने प्रश्नावली रचायला घेतली. पहिला फॉर्म १९४३ चा. १९६२ साली एका मोठ्या परीक्षा-संस्थेने तो संशोधनासाठी छापला, १९७५ साली नव्या प्रकाशकाकडे गेला आणि हळूहळू कंपन्यांमध्ये पसरला. इझाबेल १९८० साली वारली.

आता आपल्या भाषेत बोलू. युंगच्या मते अंतर्मुखता आणि बहिर्मुखता प्रत्येकात असतात, फक्त प्रमाण कमीजास्त. फॉर्म मात्र मधोमध रेघ मारतो. म्हणजे फ्लोट व्हॅल्यू घेऊन ती बूलियनमध्ये कोंबायची! असे चार बूलियन, दोनाचा चौथा घात, झाले सोळा प्रकार. रेघेच्या जरा अलीकडचा आणि जरा पलीकडचा माणूस जवळपास सारखेच, पण अक्षरं वेगळी. म्हणूनच काही आठवड्यांनी पुन्हा फॉर्म भरला की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. मानसशास्त्रातले बहुतेक संशोधक आज स्वभाव मोजायला पाच घटकांची सलग मोजपट्टी वापरतात, डबे नाही.

मग हे सगळं फेकून द्यायचं का? मला नाही तसं वाटत. सासूबाईंचा मूळ प्रश्न एकदम खरा होता: समोरचा चुकीचा आहे, की नुसता माझ्यापेक्षा वेगळा? घोळ होतो तो उत्तराचं लेबल झाल्यावर. माझ्या एका मैत्रिणीला "तू इंट्रोव्हर्ट, तुला झेपणार नाही" म्हणत क्लायंट कॉल्सपासून लांब ठेवलं. वर्षअखेरीस अप्रेझलमध्ये शेरा काय? "क्लायंट एक्स्पोजर कमी"! खुद्द प्रकाशक सांगतात की हा फॉर्म नोकरभरतीसाठी वापरू नका. पण अक्षरं मनात बसली की कामाचं वाटपही त्यांच्यावरूनच व्हायला लागतं.

त्यापेक्षा सरळ विचारावं. "विषय आदल्या दिवशी मेलवर पाठवू का? तुला जागेवर बोलायला आवडतं की आधी लिहून?" दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्याला फॉर्म लागत नाही.

असो. उद्या सोमवार. तुमच्या टीममधल्या त्या गप्प बसणाऱ्याला एकदा विचारून तर बघा!