'कुंकू'मधली टिकटिक

आज एक गंमत सांगते, घरी करून बघा. संध्याकाळी मालिका लागली की आवाज पार बंद करा आणि पाच मिनिटं नुसतं चित्र बघा. सासू डोळे मोठे करते, सून मान वळवते, कॅमेरा तीनदा तिच्या तोंडाशी जातो, आणि आपल्याला काहीच वाटत नाही. मग उलटं करा. टीव्हीकडं पाठ करून भाकरी थापत बसा आणि फक्त ऐका. कोण रागावलं, कोण दारात आलं, कोण रडायच्या बेतात आहे, सगळं कळतं.

पडद्यावरच्या प्रसंगात तीन तऱ्हेचे आवाज असतात. एक माणसांचं बोलणं. दुसरं संगीत. तिसरे बाकीचे सगळे आवाज, म्हणजे दाराची कडी, पावलं, पाऊस, भांडं पडणं, कुत्रं भुंकणं. हे तिन्ही वेगवेगळे तयार करतात आणि मग एकत्र करतात. त्याला ध्वनिमिश्रण म्हणतात, बोलताना सगळे मिक्सिंगच म्हणतात. कुठला आवाज वर ठेवायचा, कुठला खाली आणि कुठला साफ काढून टाकायचा, हे तिथं ठरतं. आपण ज्याला 'सीन जमला' म्हणतो, ते पुष्कळदा या खोलीत जमलेलं असतं.

सुरुवातीला यातलं काहीच नव्हतं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला, तो मुका. मूकपटांच्या काळात पडद्याजवळ पेटी आणि तबला घेऊन माणसं बसायची. चित्र बघायचं आणि सुचेल तसं वाजवायचं. आज या गावात लढाईला जे वाजलं तेच उद्या दुसऱ्या गावात वाजेल याची खात्री नाही.

मग 14 मार्च 1931 ला 'आलम आरा' आला, आपल्या देशातला पहिला बोलपट. अर्देशीर इराणींनी तो मुंबईत काढला. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता. दिवसा गाड्यांचा खडखडाट, म्हणून बरंचसं काम रात्री गाड्या थांबल्यावर करायचे. तेव्हाच्या यंत्रात चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकाच वेळी उतरायचे. म्हणजे नट बोलतोय, त्याच क्षणी वादकांनी वाजवायचं, आणि वादक दिसता कामा नयेत, म्हणून ते आडोशाला लपून बसायचे. माइकही कुठंतरी लपवलेला. एकदा उतरलं की बोलणं वेगळं, पेटी वेगळी असं करता यायचं नाही. पिठात मीठ मिसळल्यावर ते परत वेचता येतं का? तसंच.

मराठीतला पहिला बोलपट म्हणजे 1932 चा 'अयोध्येचा राजा'. तो मात्र मुंबईचा नाही, कोल्हापूरचा. प्रभात कंपनीनं काढला, दिग्दर्शक व्ही. शांताराम. दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या आणि आपली गाणी त्यांनी स्वतःच म्हटली. चांगल्या घरच्या बाईनं सिनेमात जायचं नाही असं मानायचा तो काळ. त्या काळात एका शिकलेल्या घरंदाज बाईचा आवाज थिएटरभर घुमला. पुढच्या वर्षी प्रभात पुण्याला गेली.

एकदा आवाज मिळाल्यावर लोकांना त्याची हाव सुटली, ते साहजिक आहे. गाण्यांवर गाणी, आणि बोलण्यामागंही सारखं काहीतरी वाजतंय. अशा वेळी 1937 साली प्रभातनं 'कुंकू' काढला. हिंदीत त्याचंच नाव 'दुनिया न माने'. आजचं सगळं भाषण खरं तर या एका सिनेमासाठी मी लिहिलं.

गोष्ट ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरची. नीरा नावाची पोरकी मुलगी मामाकडं वाढते. मामा पैशाच्या लोभानं तिला फसवून एका म्हाताऱ्या बिजवर वकिलाशी तिचं लग्न लावून देतो. अशा गोष्टी तेव्हा घरोघरी होत्या, आणि त्यांचा शेवट ठरलेला असायचा. मुलगी रडायची, मग नशीब म्हणायची आणि चुलीला लागायची. नीरा तसं करत नाही. हे लग्न मी मानत नाही, असं ती ठाम ठरवते आणि त्या घरात राहूनच नवऱ्याला नकार देते. नीरा झाली शांता आपटे, नवरा केशवराव दाते. त्या म्हाताऱ्याची विधवा मुलगी शकुंतला परांजपे यांनी केली. पुढं या शकुंतलाबाईंनी कुटुंबनियोजनाच्या कामाला आयुष्य वाहिलं.

आता आवाजाकडं या. केशवराव भोळ्यांसारखा जाणता संगीतकार हाताशी होता. गाणी त्यांनीच केली. पण गाण्यांच्या बाहेर, प्रसंगांच्या मागं, शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. घरात जे आवाज असतात तेच ठेवले. भिंतीवरचं जुनं घड्याळ आहे, त्याची टिकटिक ऐकू येते. म्हातारा नवरा त्या घड्याळाशी खटपट करत असतो, आणि बघणाऱ्याला न सांगता कळतं की हे घड्याळ म्हणजे तोच. त्याची वेळ होऊन गेली आहे.

असं का केलं असेल? मला उत्तर असं वाटतं. नीरा बोलत असताना मागं सारंगी लावली असती तर लोकांनी तिची कीव केली असती. 'बिच्चारी' म्हणून डोळे पुसले असते आणि घरी गेले असते. संगीत आधीच सांगून टाकतं की इथं रडा. ते काढून घेतल्यावर थिएटरात फक्त एक मुलगी आणि तिचा नकार उरतो. तो ऐकावा लागतो, आणि त्याचं काय करायचं ते ज्याचं त्याला ठरवावं लागतं. बाईच्या बाजूनं उभं राहायची ही एक रीत झाली, आणि तिला एक पैशाचंही वाद्य लागलं नाही.

हे सगळं मला आत्ताच का आठवलं, तेही सांगते. आपल्या रेडिओवर गटातल्या एका ताईंची मुलाखत घेतली. सावकाराचं कर्ज, नवऱ्याचं दारूचं व्यसन, आणि त्यातून गटाच्या बचतीवर तिनं सोडवून घेतलेलं दीड एकर. बोलली फार सरळ. मुलाखत कापून तयार केली तेव्हा दोन बाजू पडल्या. एकीचं म्हणणं, मागं व्हायोलिन टाकू, लोकांच्या काळजाला भिडेल. मी नको म्हणत होते. शेवटी ताईलाच दोन्ही ऐकवलं. संगीत असलेलं ऐकून ती म्हणाली, "मॅडम, ह्यात मी मेल्यासारखी वाटतेय." मुलाखत तशीच गेली, मागं कुठंतरी तिच्या शेळीचं ओरडणं, बस्स.

यात भावनेइतकीच कानाचीही बाब आहे. बासरी, सारंगी, व्हायोलिन ही वाद्यं साधारण बाईच्या आवाजाच्या पट्टीतच वाजतात. दोन्ही एकत्र आले की वाद्य शब्दांना झाकतं. त्यातही 'स', 'त', 'क' असे बारीक उच्चार आधी बुडतात, आणि अर्थ तर त्यांच्यातच असतो. मोबाइलच्या लहानशा स्पीकरवर ते आणखी वाईट ऐकू येतं. म्हणून मिक्सिंग करणारा आधी बोलणं बसवतो, मग त्याच्या भोवतीनं बाकीचं. बोलणं सुरू झालं की संगीत खाली, संपलं की हळूच वर. हे इतकं अलगद करायचं की ऐकणाऱ्याला हात फिरल्याचं कळू नये. जात्यावर ओवी म्हणताना आपल्या आज्या हेच करायच्या. घरघर चालू असायची, पण शब्दाच्या वेळी हात किंचित सावकाश.

यंत्रं कमी होती तेव्हा हे काम माणसांनी जागा बदलून केलं. 1949 च्या 'महल'मधलं लता मंगेशकरांचं ते प्रसिद्ध गाणं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. सुरुवातीला आवाज लांबून येतो, जवळ जवळ येत जातो. लताबाईंनी स्वतःच सांगून ठेवलंय की माइक खोलीच्या मध्ये होता, त्या कोपऱ्यातून गात गात चालत आल्या आणि मुखड्याला बरोबर माइकपाशी पोचल्या. तेव्हा त्या जेमतेम विशीच्या. आज एक बटण सरकवून जे होतं ते एका पोरीनं पायांनी केलं. आणि रेकॉर्डवर नाव काय छापलं? 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. गाणारीचं नावच नाही. लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं की ही कोण गाते, तेव्हा ते कळलं.

पुढं बोलणं, संगीत आणि बाकीचे आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर घ्यायची सोय झाली. या पट्ट्यांना ट्रॅक म्हणतात. सगळ्या एकदम चालवायच्या, समोर पडद्यावर चित्र, आणि मिक्सिंग करणाऱ्याचे हात बटणांवर. हजार फुटांचं एक रीळ साधारण अकरा मिनिटं चालतं. जुन्या यंत्रांवर मधेच थांबून मागं जायची सोय नव्हती. दहाव्या मिनिटाला हात चुकला की पुन्हा पहिल्यापासून. पुरणाला चटका बसला की पातेलं नव्यानं चढवावं लागतं, तसलं काम.

या कामातला आपल्याकडचा मोठा माणूस म्हणजे मंगेश देसाई. शांतारामबापूंनी प्रभात सोडून 1942 साली मुंबईत परळला राजकमल कलामंदिर काढलं, तिथं ते होते. सत्यजित राय आपले सिनेमे मिक्सिंगसाठी कलकत्त्याहून त्यांच्याकडं आणायचे. 'शोले'च्या मिश्रणातही त्यांचाच हात. 'शोले'तला ठाकूरच्या घरच्यांना मारतात तो प्रसंग आठवा. नुसती गोळ्यांची नोंद आठवू नका, कान लावा. घरात रोजचं चाललेलं असतं, एकेक गोळी, एकेक माणूस पडतं. नंतर अंगणात शांतता, आणि झोपाळ्याची करकर. झोपाळा म्हणजे घरातली सुखाची जागा. नव्या नवरीनं बसायचं, लेकरानं झोके घ्यायचे. तोच आवाज तिथं अंगावर येतो. शेवटी गब्बर त्या लहान पोरावर बंदूक रोखतो, आणि गोळीच्या ठिकाणी आपल्याला रेल्वेचा आवाज ऐकू येतो. ठाकूर घरी यायला निघालेला असतो. पोराला मारलेलं दाखवलेलंच नाही, तरी आपण ते बघितलं असं सगळ्यांना वाटतं.

आणखी एक माहिती सांगितली की तुम्हाला हसू येईल. मधली कितीतरी वर्षं हिंदी सिनेमाचे कॅमेरे खडखड आवाज करायचे, म्हणून शूटिंगच्या वेळचा आवाज टाकून द्यायचे आणि सगळं नंतर स्टुडिओत भरायचे. नट बोलायचे परत, आणि पावलं, पदराची सळसळ, बांगड्यांची किणकिण हे एक वेगळा माणूस पडद्याकडं बघत करायचा. या कामाला फोली म्हणतात, अमेरिकेतल्या जॅक फोली नावाच्या माणसावरून. आपल्याकडं हे काम बहुतेक पुरुषच करत आले. म्हणजे कितीतरी नायिकांच्या बांगड्या खरं तर अंधाऱ्या खोलीत एखादे मिशावाले काका वाजवत होते. 2001 च्या 'लगान'मध्ये जागेवरचाच आवाज घेतला, आणि तेव्हापासून ती पद्धत पुन्हा रुळली.

प्रभातचा पुण्यातला स्टुडिओ आजही आहे. तिथं आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि आवाजाचं शास्त्र शिकवतात. तिथंच शिकलेल्या रसूल पूकुट्टी यांना 2009 साली 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या ध्वनिमिश्रणासाठी दोन सोबत्यांबरोबर ऑस्कर मिळालं. मुलींनाही तिथं हा अभ्यास करता येतो. गटातल्या ज्यांच्या लेकींना यंत्रांचं वेड आहे त्यांनी ध्यानात ठेवा.

शेवटचा प्रसंग आपल्या गावाकडचा. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री', 2014 साली थिएटरात लागला. जब्याचं कुटुंब शाळेजवळ डुकरं धरतंय. डुकरांची किंकाळी, बापाचं ओरडणं, बघ्यांचं खिदळणं. जब्याच्या वर्गातली पोरं बघतायत म्हणून तो लपायला बघतोय. तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागेवर ताठ उभा राहतो. मग आई, बाप, बहिणी, सगळे आहेत तसे थांबतात. डुक्कर त्यांच्यासमोरून निवांत चालत जातं.

तिथं मिक्सिंगवाल्यानं वरून काहीही घातलेलं नाही. सावधान उभं राहिलेलं एक कुटुंब आणि शाळेतून येणारं राष्ट्रगीत, एवढंच. आमच्या गावात हा सिनेमा समाजमंदिरात दाखवला तेव्हा त्या प्रसंगाला पुढच्या ओळीतली पोरं हसली. मागच्या ओळीतल्या बाया हसल्या नाहीत.

पुढच्या भागात आपल्या केंद्रावरच्या मिक्सरची ओळख करून देईन. ज्यांना हात लावून बघायचाय त्यांनी गटाच्या बैठकीनंतर थांबा. नमस्कार.