उचलता येईल तेवढे : अवजड मालाच्या जहाजांविषयी प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सची रेल्वे मोडून पडली होती. तिच्या उभारणीसाठी अमेरिका आणि कॅनडातल्या कारखान्यांकडून ‘१४१ आर’ जातीची १३४० वाफेची इंजिने मागवण्यात आली. त्यांतली १३२३ कामावर रुजू झाली. एक मार्सेयच्या बंदरात पाण्यात पडले आणि सोळा इंजिने एप्रिल १९४७मध्ये ‘बेलपामेला’ या नॉर्वेजियन जहाजाबरोबर उत्तर अटलांटिकच्या वादळात तळाला गेली. रेल्वेच्या पुस्तकांत या सतरा इंजिनांची नोंद एखाद्या वाक्यात भेटते. सुखरूप पोचलेल्या १३२३ इंजिनांच्या समुद्रप्रवासाबद्दल मात्र कुणी फारसे लिहिलेले नाही. टेंडर सोडूनही शंभर टनांच्या वर भरणारे इंजिन धक्क्यावरून कुणी उचलले, जहाजाच्या पोटात कशावर ठेवले, कशाने जखडले, पलीकडच्या बंदरात कसे उतरवले? ज्या वाचकाला हे प्रश्न पडतात, त्याचे या विषयात मनापासून स्वागत आहे.

रेल्वेचा इतिहासकार धक्क्यापाशी थांबतो. जहाजांचा इतिहासकार जहाजाचा वेग, टनभार आणि मालकी सांगतो. आत काय होते ते ‘यंत्रसामग्री’ या एका शब्दात उरकतो. कामगारांच्या इतिहासात गोदीतले संप येतात, गोदीतले कसब क्वचित येते. अवजड मालाचे जहाज या तिघांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभे आहे. म्हणून या अभ्यासाला ठरावीक दरवाजा नाही. अभियंता, अर्थशास्त्राचा विद्यार्थी, कोकणातल्या एखाद्या खलाशाची नात, कुणीही कुठूनही आत यावे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, विसाव्या शतकात यंत्रे किती मोठी बांधायची हे कारखान्याच्या क्षमतेइतकेच वाटेतल्या सर्वांत दुबळ्या कप्पीने ठरवले. रोहित्र, बॉयलर, जनित्राचा स्थिर भाग, गिरणीचा रूळ यांचा आराखडा करणाऱ्याला पूल किती पेलतील, बोगदा किती रुंद आहे आणि बंदरात किती टन उचलता येतील हे आधी विचारावे लागे. उत्तर चाळीस टन असेल, तर शंभर टनांचे यंत्र तीन तुकड्यांत जाई. मग ते पुन्हा जोडायला तिकडे कुशल माणसे पाठवा, जागेवर रिव्हेट मारा, चाचण्या पुन्हा घ्या. नव्या देशांच्या औद्योगिकीकरणात कितीतरी काळ आणि पैसा या जोडकामात गेला. उचलण्याची मर्यादा जसजशी वाढली, तसतसा यंत्राचा आकार बदलला. हा धागा हातात धरला की या जहाजांचा इतिहास हा मालवाहतुकीच्या इतिहासातला एक किरकोळ कोपरा राहत नाही.

ही मर्यादा जाणीवपूर्वक मोडणाऱ्यांत नॉर्वेचा कप्तान क्रिस्टन स्मिथ अग्रभागी होता. १९२०च्या दशकाच्या आरंभी न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ कारखान्यातून बेल्जियमच्या रेल्वेसाठी इंजिने जायची होती. ती सुटी करून पेट्यांत भरण्याऐवजी आपल्या चाकांवर उभी, जोडलेली, अशीच नेता येतील, हे त्याने करून दाखवले. पुढे त्याच्या ‘बेल’ नावांच्या जहाजांनी याच कामाची ख्याती मिळवली: रुंद हॅच (डेकवरची माल उतरवायची तोंडे), मधल्या खांबांचा अडथळा नसलेले लांबच लांब होल्ड (मालाचे तळघर) आणि स्वतःची दणकट डेरिक, म्हणजे माल उचलणारी झुकती तुळई. ‘बेलपामेला’ याच घराण्यातली.

इतर बहुतेक मालवाहू जहाजांवर अशा कामासाठी एखादी ‘जम्बो’ डेरिक असे. अमेरिकेने युद्धकाळात बांधलेल्या सत्तावीसशेहून अधिक लिबर्टी जहाजांवर ती साधारण पन्नास टनांची होती. एरवी ती डोलकाठीला उभी बांधून ठेवलेली असे. तिची गरज पडली की तिला खाली आणायचे, जादा तारा ताणून डोलकाठीला आधार द्यायचा, तिला बाजूला वळवणारे दोन्हीकडचे दोर, म्हणजे ‘गाय’, ओवायचे, त्यांची टोके वेगवेगळ्या विंचांवर न्यायची. एका उचलीच्या तयारीत दिवसाचा मोठा भाग जाई, आणि प्रत्येक विंचवरच्या माणसाला दुसऱ्याच्या हालचालीशी जुळवून घ्यावे लागे. सॅन फ्रान्सिस्कोतले ‘जेरेमाया ओब्रायन’ किंवा बाल्टिमोरचे ‘जॉन डब्ल्यू. ब्राउन’ ही लिबर्टी जहाजे आजही पाहता येतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी डेकवर उभे राहून ही तारांची गुंतागुंत डोळ्यांनी पाहावी. आकृतीवरून तिचा अंदाज येत नाही.

१९५०च्या दशकात हाम्बुर्गच्या श्ट्युल्केन गोदीने यावर जो तोडगा काढला, त्याच्याइतकी देखणी यांत्रिक कल्पना मला या क्षेत्रात दुसरी दिसलेली नाही. डेकच्या मध्यावर दोन जाड पोलादी खांब, वर जाताना एकमेकांपासून दूर झुकणारे. त्यांच्यामध्ये तळाशी बिजागरीवर बसवलेला एकच जाड बूम, म्हणजे डेरिकची तुळई. प्रत्येक खांबाच्या माथ्यावरून बूमच्या टोकाला कप्प्यांची एकेक माळ. दोन्ही माळा सारख्या आवळल्या की बूम वर येतो. एक आवळून दुसरी सैल सोडली की तो बाजूला वळतो. बूम उचलणे आणि वळवणे ही दोन्ही कामे त्याच दोन माळा करतात, म्हणून वेगळे ‘गाय’ नकोत. खांब इतके भक्कम की त्यांना ताणाच्या तारा नकोत, त्यामुळे वळणाऱ्या मालाच्या वाटेत काही येत नाही. आणि खांबांमधली फट मोकळी असल्याने बूम उभा करून पलीकडे कलता करता येतो: पुढच्या हॅचचे काम झाले की तोच बूम मागच्या हॅचवर. ब्रेमेनच्या ‘डीडीजी हान्सा’ कंपनीच्या ‘लिख्टनफेल्स’ या जहाजावर १९५४मध्ये ही रचना प्रथम बसली. १९६०मध्ये लिव्हरपूलच्या हॅरिसन कंपनीच्या ‘अ‍ॅडव्हेंचरर’वर १८० टनांची श्ट्युल्केन डेरिक आली, आणि पुढे तीनशे टन उचलणाऱ्याही झाल्या. जहाज आता बंदराच्या क्रेनवर अवलंबून राहिले नाही. ज्या बंदरात साधा मजबूत धक्का आणि पुरेसे खोल पाणी आहे, तिथे ते आपला माल आपण उतरवू लागले.

डेरिक कितीही बलवान असली तरी ती तरंगत्या पायावर उभी असते, आणि या विषयाचे मर्म तिथे आहे. माल होल्डच्या तळाशी टेकलेला असतो तोवर त्याचा भार तिथेच असतो. तार ताणली गेली आणि माल केसभर सुटला की त्याच क्षणी तो भार जणू बूमच्या टोकावर जाऊन बसतो. जहाजाचा गुरुत्वमध्य एका झटक्यात वर सरकतो. एक साधे उदाहरण घेऊ. जहाजाचे एकूण विस्थापन ११,००० टन, स्थिरतेची उंची (मेटासेंट्रिक उंची; ती जितकी कमी, तितके जहाज सहज कलते) एक मीटर, आणि उचलायचे आहे ११० टनांचे डिझेल इंजिन. बूमचे टोक तळापासून वीस मीटर वर असेल, तर नुसत्या उचलण्याने स्थिरतेची उंची वीस सेंटीमीटरने घटते. आता बूम जहाजाच्या मध्यरेषेपासून पंधरा मीटर बाहेर वळवला, तर जहाज सुमारे साडेदहा अंश कलते. गुरुत्वमध्याची ती उडी विसरून आकडेमोड केली, तर उत्तर साडेआठ अंश येते. जहाज कलले की बूमचे टोक आणखी बाहेर जाते आणि कल वाढतो; साडेदहा अंशांत तो परिणाम धरलेला आहे. पहिल्या अधिकाऱ्याची वही पाहायला मिळाली, तर तिच्यात ही गणिते उचलीच्या आदल्या रात्रीची असतात.

म्हणून उचलीआधी टाक्या एक तर काठोकाठ भरायच्या किंवा पूर्ण रिकाम्या करायच्या. अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी कलत्या बाजूला धावते आणि उरलीसुरली स्थिरता खाते. विरुद्ध बाजूच्या टाक्यांत समतोलाचे पाणी घ्यायचे, पण तेही मालाच्या गतीशी जुळवून. शिडी उचलून घ्यायची, बाजूला लागलेले पडाव सोडवायचे, धक्क्याचे दोर सांभाळायला माणूस ठेवायचा. हुकूम एकाच माणसाचा, तोही हाताच्या खुणांनी. आणि माल रुळांवर टेकताना सर्वांत जास्त संयम लागतो. सगळा भार एकदम धक्क्याने घेतला, तर जहाज उसळून सरळ होते आणि तारेला हिसका बसतो. म्हणून इंजिन बोटाबोटाने खाली येते, प्रत्येक टप्प्याला थांबून, जहाज किती सरळ झाले ते पाहून.

प्रवासातली अडचण याच्या उलट असते, आणि नवख्या अभ्यासकाला ती आधी खरी वाटत नाही. सगळे वजन तळाशी ठेवले तर जहाज अधिक सुरक्षित, असे आपण समजतो. प्रत्यक्षात असे जहाज फार ताठ होते. लाटेने कलले की झटक्याने परत येते, आणि त्या झटक्यांनी बांधणी तुटते. त्यामुळे काही वजन मुद्दाम वरच्या डेकवर ठेवायचे. खाली लाकडी ओंडके आणि पोलादी तुळया पसरून त्यांवर रूळ टाकायचे, म्हणजे चाकांखालचा भार एका जागी न दाबता डेकच्या पट्ट्यांवर वाटला जातो. चाकांना पाचर, चारी बाजूंनी तारा, तारांना आवळायचे स्क्रू. समुद्र शांत असला तरी ते स्क्रू पुन्हा पुन्हा तपासायचे, कारण लाकूड दबते आणि तार ताणली जाते.

भारताशी या जहाजांचा संबंध जवळचा आहे. ‘हान्सा’ ही १८८१मध्ये ब्रेमेनात स्थापन झालेली कंपनी. मुंबई, कोलंबो, कोलकाता ही तिच्या नेहमीच्या मार्गावरची बंदरे. तिच्या जहाजांची नावे ‘फेल्स’ने संपत. गोमंतकीय वाचकाला त्यांतले एक नाव ओळखीचे असेल: महायुद्ध सुरू झाल्यावर तटस्थ पोर्तुगीज मुरगावात आसऱ्याला थांबलेले ‘एरेनफेल्स’. मार्च १९४३मध्ये कलकत्ता लाइट हॉर्स या राखीव घोडदळाच्या स्वारांनी त्यावर चढाई केली, आणि खलाशांनी ते तिथेच बुडवले. युद्धानंतर हीच कंपनी नव्याने उभी राहून अवजड मालाच्या वाहतुकीत अग्रेसर झाली, तो काळ आपल्या पोलाद कारखान्यांच्या उभारणीचा होता. राउरकेला जर्मनांच्या साहाय्याने, भिलाई सोव्हिएत संघाच्या, दुर्गापूर ब्रिटिशांच्या. राउरकेला आणि भिलाईच्या पहिल्या झोतभट्ट्या फेब्रुवारी १९५९मध्ये सुरू झाल्या. परदेशांतून आलेली त्यांची यंत्रे समुद्रावरूनच आली. १९५७पासून अमेरिकेच्या ‘अल्को’ कंपनीची डिझेल इंजिनेही बंदरांत उतरू लागली; १९६२मध्ये आलेले ‘डब्ल्यूडीएम-२’ सुमारे ११३ टनांचे होते. वरचे उदाहरण त्याच्याच मापाने बेतले आहे.

अनेक ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर डेकची माणसे आपल्याकडची असत. रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईच्या गोदीत येऊन जहाजावर चढत. त्यांत कोकणी मुसलमान पुष्कळ. सारंग, टिंडल, सुकाणी, कसब अशी त्यांची उतरंड. भटारखान्यात आणि सलूनमध्ये गोव्याची माणसे. त्यांचे करार वेगळे होते आणि त्याच कामाला युरोपीय खलाशापेक्षा त्यांना पगार बराच कमी मिळे. हे अन्यायाचे वास्तव आपल्या अभ्यासात तळटीप म्हणून येऊ नये, कारण त्या जहाजांवर वर सांगितलेले तारा-कप्प्यांचे काम याच हातांनी झाले. कप्पी कधी करकरते, तार कधी ‘बोलते’, तारेचा सांधा (स्प्लाइस) कुठे पिंजला आहे, हे अधिकाऱ्याच्या वहीत क्वचित लिहिलेले असते. सारंगाला ते ठाऊक असे, आणि त्याच्या मानेच्या हालचालीवर विंच थांबे.

पुढची कथा अनेकांनी लिहिली आहे, म्हणून इथे थोडक्यात. एप्रिल १९५६मध्ये ‘आयडियल एक्स’ हे जहाज नेवार्कहून ५८ कंटेनर घेऊन ह्यूस्टनला गेले, आणि पुढच्या दोन दशकांत सर्वसाधारण माल पेट्यांत गेला. जे पेटीत मावेना ते अवजड मालाच्या खास जहाजांकडे राहिले. ‘हान्सा’ १९८०मध्ये दिवाळखोर झाली. नवी जहाजे तर स्वतः पाण्याखाली उतरून पाठीवर ओझे घेऊ लागली: १९८८मध्ये ‘मायटी सर्व्हंट २’ने सुरुंगाने जखमी झालेली अमेरिकन युद्धनौका ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’ अशीच घरी नेली. त्या तंत्रावर स्वतंत्रपणे लिहायला हवे. या प्रस्तावनेचा विषय डेरिकचा काळ आहे.

साधनांविषयी दोन शब्द. ब्रिटिश जहाजांच्या खलाशी-करारांचा मोठा साठा कॅनडातल्या सेंट जॉन्स इथल्या मेमोरियल विद्यापीठाच्या सागरी इतिहास अभिलेखागारात आहे, आणि त्यात १९५१ ते १९७६ हा आपल्या कामाचा काळ येतो. जहाजाचे नाव हाती असेल, तर त्या कागदांतून कोकणातली माणसे आणि गावे वर येतात. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतले राज्य अभिलेखागार बंदराच्या जुन्या इतिहासासाठी पाहावे. कागद वाचताना आधी मालाच्या मांडणीचा नकाशा घ्यावा, मग लॉगबुक, आणि जाहिरातीची पुस्तिका सर्वांत शेवटी. पुस्तिकेत डेरिक किती उचलू शकते ते असते. नकाशात त्या फेरीला तिने प्रत्यक्ष काय उचलले ते सापडते.

आणि जी माणसे १९६०च्या दशकात विशीत होती, ती आज ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. दापोली, गुहागर, श्रीवर्धन या बाजूंना घरोघर ती भेटतील. त्यांच्याकडे जाताना मोठे प्रश्न नेऊ नयेत. कुठल्या हॅचवर होतात, विंच वाफेची होती की विजेची, खुणा कोण करी, तार तुटल्याचे कधी पाहिले का, मालाखाली कुठले लाकूड घालत असत, असे विचारावे. बोलणे सुरू झाले की हातच वर जातात आणि खुणा करून दाखवू लागतात. सोबत कॅमेरा असावा, कारण त्या खुणा शब्दांत उतरवणे कठीण आहे.