काजळीचे अतिसूक्ष्म कण : पाण्यात किती तरंगतात, काळ्या जमिनीत कुठे अडकतात?

कापसाची वेचणी संपली की वरणगाव-भुसावळ पट्ट्यात पऱ्हाटी पेटते. त्यानंतर दोन प्रश्न हमखास येतात. ही काजळी पावसाने विहिरीत उतरेल का? आणि ‘कार्बन नॅनो’ नावाची बाटली विहिरीच्या पाण्यात मिसळली की तळाला काळा गाळ का बसतो? दोन्हींच्या मुळाशी एकच क्रिया आहे.

मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. काजळीचा मूळ कण साधारण 10 ते 50 नॅनोमीटरचा असतो आणि असे अनेक कण साखळीसारखे जोडलेले असतात. म्हणजे ‘नॅनो कार्बन’ ही काही प्रयोगशाळेतलीच वस्तू नाही, ती आपल्या कंदिलाच्या काचेवरही बसते.

स्वतःच्या वजनाने तो बुडत नाही

कण बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाने बदलतो. स्थिर पाण्यात 10 मायक्रॉनचा कोळशाचा कण एक मीटर खाली जायला साधारण सहा-सात तास घेतो. 1 मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतराला पंचवीसेक दिवस लागतात. 100 नॅनोमीटरच्या कणाला गणिताने सात वर्षे लागतील. प्रत्यक्षात पाण्याच्या रेणूंचे धक्के आणि ऊन-थंडीने होणारी पाण्याची हालचाल त्याला तरंगतच ठेवते.

मग बाटलीच्या तळाला गाळ बसतो कसा? या कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांचा भार सारखा, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असले की हा भार झाकला जातो, कण जवळ येतात आणि त्यांचे पुंजके होतात. पुंजका मोठा झाला की बुडतो. सोडियमही हे काम करते, पण त्याचे प्रमाण कितीतरी जास्त लागते. तुरटीने गढूळ पाणी निवळते तेही याच तत्त्वाने, फक्त ॲल्युमिनियम त्याहून जोरकस. आपल्या विहिरी-कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. ठिबकच्या तोंडाशी बसणारा पांढरा थर ही त्याची खूण. अशा पाण्यात कार्बनचे द्रावण फाटणारच. औषध दरवेळी बनावट असते असे नाही, पण फाटलेले द्रावण ठिबकमध्ये सोडू नका.

याच्या उलट काम सेंद्रिय पदार्थ करतात. जुन्या पोथ्यांची शाई काजळीत डिंक घोटून करत. डिंकाचा लेप कणांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून शाई दौतीत लवकर बसत नसे. शेणकाल्यातले, कुजलेल्या पाल्यातले ह्युमिक पदार्थ कार्बनच्या कणाला असाच लेप देतात. त्यामुळे शेवाळलेल्या शेततळ्यात हे कण स्वच्छ जड पाण्यापेक्षा जास्त काळ तरंगतात.

नदीत आणखी एक गोष्ट घडते. पावसाळ्यात तापी-पूर्णेला मातीचा लोंढा येतो. कार्बनचा कण दुसऱ्या कार्बनला भेटण्याआधी चिकणमातीच्या कणालाच भेटतो, त्याला चिकटतो आणि पाणी संथ झाले की त्याच्यासोबत खाली बसतो. म्हणून हतनूरसारख्या धरणात तो पाण्यापेक्षा गाळात शोधावा.

इथे एक गैरसमज दूर करतो. दीपनगरच्या वीज केंद्राची राख म्हणजे कार्बन नव्हे. कोळशाची राख मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असते, न जळलेला कार्बन त्यात थोडाच असतो. राख मिसळलेला गाळ शेतात टाकायचा असेल तर आधी सामू, क्षार आणि जड धातूंची तपासणी करून घ्या.

काळ्या जमिनीत काय होते?

कोकणच्या तांबड्या आम्लधर्मी मातीत लोहाच्या ऑक्साइडवर धन भार असतो, ती ऋण भाराचा कार्बन ओढून धरते. आपली माती विम्लधर्मी, तिची चिकणमाती ऋण भाराची. नुसते एवढेच असते तर कण सरळ खाली गेले असते. पण याच मातीत चुनखडी आणि कॅल्शियम भरपूर आहे. कॅल्शियम माती आणि कार्बन यांच्यात पूल बांधते आणि बहुतांश कण वरच्या थरातच राहतात. ठिबकने हळूहळू ओलावा दिला तर आणखीच, कारण अर्धवट ओल्या मातीत पाण्याच्या पातळ पापुद्र्यात कण अडकून पडतात.

खरी पळवाट म्हणजे भेगा. मे महिन्यात हात घालता येईल एवढी भेग पडलेली असते. पहिला वळवाचा जोरदार पाऊस राख, काजळी, वरची माती सगळे घेऊन मातीची गाळणी चुकवून थेट खाली जातो. विहिरीलगत पऱ्हाटी जाळणे म्हणूनच वाईट. काजळीला अपूर्ण ज्वलनातली तेलकट संयुगे आणि कीडनाशकांचे अंशही चिकटलेले असतात आणि ते तिच्यासोबत प्रवास करतात. पहिल्या पावसाआधी उथळ वखरणी करून भेगा बुजवा. धुऱ्यावरचे पाणी विहिरीत उतरत असेल तर काठ उंच करून घ्या.

सोडियम जास्त असलेल्या चोपण जमिनीत हे गणित बिघडते. तिथे पावसाचे गोडे पाणी पडले की चिकणमातीच विरघळल्यासारखी सुटी होते आणि कार्बनही तिच्यासोबत हलतो. आधी जिप्सम, मग बाकीचे.

पऱ्हाटीचा बायोचार करणार असाल तर

जाळून टाकण्यापेक्षा हा मार्ग नक्कीच चांगला. मात्र कोरडी भुकटी वाऱ्यावर उधळू नका, ती फुप्फुसात जाते. पाणी शिंपडून, शेणखतात दोन-तीन आठवडे मुरवून मातीत मिसळा. भुकटीचे पाणी ठिबकमधून देण्याचा मोह मीही एकदा केला होता. 120 मेशची जाळी साधारण 125 मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते. त्याहून बारीक सगळे आत गेले, जड पाण्यात त्यांचे पुंजके झाले आणि नळ्यांच्या टोकाला काळा चिखल साचला. आठवडाभर नळ्यांची टोके उघडून धुवत होतो.

बायोचार टाकलेल्या पट्ट्यात उगवणीपूर्वीची तणनाशके कमी चालतात, कारण कार्बन त्यांना धरून ठेवतो. मात्रा वाढवू नका, तिथे कोळपणीच करा.

कोणतेही कार्बनयुक्त द्रावण वापरण्याआधी काचेच्या बाटलीत तुमच्याच विहिरीच्या पाण्यात शिफारशीच्या प्रमाणात मिसळा आणि रात्रभर ठेवा. शेजारी दुसऱ्या बाटलीत तेच पावसाच्या साठवलेल्या पाण्यात करा. पहिलीत काळा थर आणि दुसरीत नाही, असे दिसले तर दोष पाण्याचा आहे. दोन्हीत बसला तर बाटली दुकानदाराला परत करा.