आवर्ती ज्वर, मुलांमधील

मुलाला पुन्हापुन्हा येणारा आणि मधल्या काळात पूर्ण उतरणारा ताप. बालवाडीच्या वयात तो बहुधा एकामागून एक होणाऱ्या विषाणुसंसर्गांमुळे येतो. सोबत सर्दी-खोकला असतो, तापाला ठरलेली लय नसते. भारतात हिवताप, क्षय व मूत्रमार्गाचा संसर्ग आधी तपासावाच लागतो.

लय नियमित असेल, तर ‘पीएफएपीए’ या विकाराचा विचार करतात. १९८७ मध्ये गॅरी मार्शल व सहकाऱ्यांनी १२ मुलांवरून त्याचे वर्णन केले. बहुधा पाच वर्षांच्या आत सुरू होणारा हा ताप ३ ते ६ दिवस टिकतो आणि काही आठवड्यांनी परततो. घसा सुजतो, तोंड येते, मानेत गाठी येतात. एरवी मूल ठणठणीत असते, वाढही खुंटत नाही. प्रतिजैविकांनी हा ताप हटत नाही, तरी ती मुलांना वारंवार दिली जातात, ही खेदाची गोष्ट आहे. प्रेडनिसोलोनच्या एका मात्रेने तो बहुधा काही तासांत उतरतो. टॉन्सिल काढल्यावर अनेकांचा त्रास संपतो.

सुमारे २१ दिवसांच्या चक्रात न्यूट्रोफिल पेशी घटत असतील, तर चक्रीय न्यूट्रोफिलन्यूनता. १ ते ३ दिवसांचा ताप व तीव्र पोटदुखी कौटुंबिक भूमध्यसागरी ज्वराकडे बोट दाखवते. त्याचे ‘एमईएफव्ही’ जनुक १९९७ मध्ये सापडले. निदानात पालकांनी तारखांसह ठेवलेली तापाची वही फार मोलाची ठरते.