गर्दीतील चालणे : सिद्धांताचा इतिहास आणि महाराष्ट्रातील यात्रांचा अनुभव

प्रस्तावना :
बीड जिल्ह्यातील तलवाडा (ता. गेवराई) येथे नवरात्रात त्वरितादेवीच्या दर्शनासाठी भाविकांची गर्दी होते. अशा गर्दीत समोरासमोर येणारी माणसे एकमेकांना न धडकता वाट काढतात. हे कसे घडते आणि केव्हा घडेनासे होते, याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सिद्धांताची वाटचाल :
१९७१ मध्ये एल. एफ. हेंडरसन यांनी गर्दीची तुलना वायूच्या रेणूंशी केली. मात्र रेणू आदळतात. माणूस धडक टाळतो. १९९५ मध्ये डर्क हेल्बिंग व पीटर मोल्नार यांनी ‘सामाजिक बला’ची कल्पना मांडली. तीनुसार पादचाऱ्यास त्याचे उद्दिष्ट पुढे ओढते, तर इतरांचे सान्निध्य त्याला दूर सारते. २०१४ मध्ये करामूझास, स्किनर व गाय या संशोधकांनी प्रत्यक्ष हालचालींच्या नोंदींवरून असे दाखविले की, धडक टाळण्याचा आधार दोघांमधील अंतर नसून धडकेपर्यंत उरलेला वेळ हा होय. दिंडीत खांद्याला खांदा लावून चालणारे वारकरी परस्परांना अडथळा वाटत नाहीत, याचे कारण यातून उमगते. त्यांची दिशा व गती एकच असते.

महाराष्ट्रातील अनुभव :
२७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात ३९ भाविक मृत्युमुखी पडले. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवी येथे काळूबाईच्या यात्रेत सुमारे ३०० जणांचा बळी गेला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर २३ प्रवासी दगावले. प्रसंग भिन्न असले तरी अरुंद वाट व अनावर दाटी हे घटक समान आहेत. जॉन फ्रुइन यांच्या मते दर चौरस मीटरला सुमारे सात माणसे झाली की गर्दी द्रवासारखी वाहू लागते. मग पाऊल कोठे टाकावे, हे माणसाच्या हाती राहत नाही.

निष्कर्ष :
दुर्घटनेनंतर भाविकांच्या बेशिस्तीला दोष देण्याची प्रवृत्ती दिसते. परंतु धडक टाळण्याचे कौशल्य माणसात उपजत असले, तरी ते वापरण्यास वेळ व जागा लागते. ती राखणे हे व्यवस्थेचे कर्तव्य ठरते. येण्या-जाण्याचे मार्ग स्वतंत्र ठेवणे, पायऱ्या मोकळ्या व कोरड्या राखणे आणि दाटी होण्यापूर्वीच मागील रांग थोपविणे हे उपाय मोठ्या तीर्थक्षेत्रांइतकेच तलवाड्यासारख्या गावांनाही आवश्यक आहेत.