प्रमाणबद्ध जेट विमान प्रतिकृती

प्रमाणबद्ध जेट विमान प्रतिकृती म्हणजे प्रत्यक्ष जेट विमानाची सर्व मापे एकाच गुणोत्तराने लहान करून तयार केलेली, न उडणारी व प्रदर्शनासाठी ठेवली जाणारी प्रतिकृती होय. ती बहुधा पॉलिस्टायरिन या प्लॅस्टिकच्या सुट्या भागांच्या संचापासून, म्हणजे किटपासून, जोडली जाते. उडणाऱ्या प्रतिकृतींच्या छंदास एरोमॉडेलिंग म्हणतात. त्यात वजन व उड्डाणक्षमता यांना प्राधान्य असते. प्रमाणबद्ध स्थिर प्रतिकृतीत मूळ विमानाचा आकार, रंग, खुणा आणि बारीकसारीक तपशील यांच्याशी असलेले साम्य महत्त्वाचे मानले जाते.

किटमधून सामान्यतः विमानाचा एक प्रकार तयार होतो. त्यातून एका ठरावीक तुकडीचे, ठरावीक काळातील व ठरावीक क्रमांकाचे विमान साकार करण्यासाठी जे जादा काम करावे लागते, त्यास तपशीलकाम म्हणतात. भारतीय हवाई दलाचे मिग-२१ हे या कामाचे चांगले उदाहरण आहे. या विमानाच्या अनेक आवृत्त्या भारतात वापरल्या गेल्या आणि त्यांपैकी बहुसंख्य विमाने महाराष्ट्रात, नाशिकजवळील ओझर येथे, हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या कारखान्यात तयार झाली.

## प्रमाण

प्रतिकृतीचे प्रमाण १:७२, १:४८ असे लिहितात. १:७२ म्हणजे मूळ विमानाचे ७२ एकक प्रतिकृतीत १ एकक होते. या प्रमाणात ६ फूट लांबी बरोबर १ इंच भरते. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५४ मीटर आहे. निरनिराळ्या प्रमाणांत तो पुढीलप्रमाणे येतो.

| प्रमाण | पंखविस्तार (मिलिमीटर) |
|---|---|
| १:१४४ | ४९.७ |
| १:७२ | ९९.४ |
| १:४८ | १४९.० |
| १:३२ | २२३.६ |

प्रमाणाचा नियम लहान तपशिलांनाही लागू होतो. १:७२ प्रतिकृतीवरील ०.२ मिलिमीटर रुंदीची खाच मूळ विमानावर १४.४ मिलिमीटर रुंदीची ठरते. विमानाच्या पत्र्यांमधील प्रत्यक्ष फट याहून पुष्कळच अरुंद असते. रंगाचा ०.१ मिलिमीटर जाडीचा थरही या हिशेबाने ७.२ मिलिमीटरचा लेप होतो. त्यामुळे पातळ थरात रंग देणे व पत्र्यांच्या रेषा फार गडद न करणे हे दोन्ही नियम प्रमाणातूनच निघतात.

## इतिहास

इंग्लंडमध्ये १९३६ साली 'फ्रॉग पेंग्विन' या नावाने १:७२ प्रमाणातील प्लॅस्टिकचे विमानसंच विक्रीस आले. ते सेल्युलोज ॲसिटेटचे होते आणि हा पदार्थ कालांतराने वाकतो. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची व मित्रराष्ट्रांची विमाने ओळखण्याचे शिक्षण देण्यासाठी प्रतिकृतींचा मोठ्या प्रमाणावर उपयोग झाला. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी विद्यार्थ्यांकडून १:७२ प्रमाणातील पाच लाख लाकडी प्रतिकृती करवून घेण्याची योजना आखली होती. हे प्रमाण पुढे रूढ होण्यास या वापराचा हातभार लागला. युद्धानंतर पॉलिस्टायरिन स्वस्त झाले. १९५३ मध्ये एअरफिक्स कंपनीने स्पिटफायर विमानाचा संच बाजारात आणला आणि हा छंद सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला.

## साहित्य

संचातील भाग एका प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात. तिला स्प्रू म्हणतात. भाग सोडवण्यासाठी बारीक पक्कड व धारदार कटर, कडा साफ करण्यासाठी कानस व निरनिराळ्या प्रतींचे पॉलिश पेपर, लहान भाग धरण्यासाठी चिमटा, फटी भरण्यासाठी पुटी, तसेच मास्किंग टेप, ब्रश किंवा एअरब्रश एवढे साहित्य पुरेसे होते. पॉलिस्टायरिनसाठीचे पातळ सिमेंट दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करते. काचेसारख्या पारदर्शक भागांना मात्र सुपरग्लू वापरत नाहीत, कारण त्याच्या वाफेने त्यांवर पांढुरका पडदा धरतो. तेथे पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद वापरतात.

## बांधणीचा क्रम

जेट विमानाची बांधणी साधारणपणे कॉकपिटपासून सुरू होते, कारण धडाचे दोन अर्धे भाग जोडल्यावर आत हात पोहोचत नाही. आसन, उपकरणफलक व बाजूच्या भिंती रंगवून मगच धड बंद करतात. मिग-२१ मध्ये हवा नाकातून आत जाते व मागील नळीतून बाहेर पडते. म्हणून नाकाचा शंकू, हवेच्या मार्गाची आतली बाजू आणि मागील नळी हे भागही आधीच रंगवावे लागतात.

नाकाखाली एक व पंखांखाली दोन चाके असलेल्या विमानांच्या प्रतिकृती कधीकधी शेपटीवर बसतात. हे टाळण्यासाठी नाकात वजन भरतात. शिशाचे छर्रे पांढऱ्या गोंदाने चिकटवल्यास गोंदातील आम्लाचा शिशावर परिणाम होऊन कालांतराने त्यावर क्षार साचतात, ते फुगतात आणि काही वर्षांनी प्रतिकृतीचे नाक उकलू शकते. त्यामुळे छर्रे इपॉक्सीने बसवणे किंवा लोखंडी बोल्टसारखे दुसरे वजन वापरणे इष्ट ठरते.

धडाचा सांधा पाठीवरून व पोटाखालून जातो. प्रत्यक्ष विमानात त्या जागी सांधा नसल्यास तो पुटीने भरून, घासून नाहीसा करतात. घासताना पुसल्या गेलेल्या पत्र्यांच्या रेषा सुईने पुन्हा कोरतात. प्रायमरचा पहिला थर दिल्यावर राहिलेले दोष स्पष्ट दिसतात.

## तपशीलकाम

तपशीलकामात पुढील गोष्टी येतात : पितळी पत्र्यातून रसायनाने कोरून काढलेले उपकरणफलक, पट्टे व जाळ्या बसवणे, रेझिनमध्ये ओतलेले आसन किंवा चाके वापरणे, तांब्याच्या बारीक तारेने चाकांच्या खोबणीतील नळ्या दाखवणे, जाड ओतलेल्या कडा पातळ करणे, आणि नाकावरील पिटो नळीसाठी इंजेक्शनच्या सुईसारखी धातूची नळी वापरणे. तयार जोडभाग महाग असतात. पण यातील बरेचसे काम स्प्रूचा तुकडा ज्योतीवर गरम करून ओढलेल्या धाग्याने व पातळ प्लॅस्टिकपत्र्यानेही होऊ शकते.

कोणता तपशील घालावा याचा निर्णय छायाचित्रांवरून केला जातो. विमानाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र, ते घेतल्याचा काळ आणि विमानाचा क्रमांक यांची सांगड घातल्याशिवाय तपशील विश्वसनीय ठरत नाही. संग्रहालयात ठेवलेले विमान अनेकदा नव्याने रंगवलेले असते, म्हणून त्यावरील रंग सेवेतील रंगाचा पुरावा मानता येत नाही. आकार व मापे मात्र त्यावरून पडताळता येतात.

## उदाहरण : भारतीय मिग-२१

मिग-२१ भारतीय हवाई दलात १९६३ मध्ये दाखल झाले. ओझर येथील कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला. सांगाड्याचे काम नाशिक, इंजिनांचे कोरापूट (ओडिशा) व इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे हैदराबाद अशी विभागणी होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे शेवटच्या मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. प्रतिकृती करताना भारतीय आवृत्त्यांतील पुढील फरक लक्षात घ्यावे लागतात.

मिग-२१ एफएल : याच्या कॉकपिटचे आवरण पुढील काचेसह एकसंध असून ते पुढच्या बाजूस उचलले जाते. या रचनेमागे कारण आहे. वैमानिक आसनासह बाहेर फेकला जाताना आवरण आसनाला जोडलेले राहून हवेच्या तडाख्यापासून त्याचे रक्षण करीत असे. या आवृत्तीत अंगभूत तोफ नव्हती. नंतर पोटाखाली जीपी-९ हे तोफेचे कवच बसवण्यात आले. पंखांखाली शस्त्रे टांगण्यासाठी दोनच आधार होते.

मिग-२१ एम : पुढील काच स्थिर, आवरण उजवीकडे उघडणारे, आसन केएम-१ प्रकारचे, पंखांखाली चार आधार व पोटात बसवलेली जुळ्या नळीची २३ मिलिमीटर तोफ.

मिग-२१ बिस : आर-२५ इंजिन व अधिक फुगीर पाठकणा. एफएलच्या किटला बिसचे आवरण जोडून बिस तयार होत नाही. पाठीची बाह्यरेषाच वेगळी आहे.

बायसन : बिसची आधुनिकीकरण केलेली आवृत्ती. पुढील काच एकसंध, रडार नवे आणि उष्णतेचा मागोवा घेणाऱ्या क्षेपणास्त्रांना चकवण्यासाठी ज्वालाक्षेपक बसवलेले. क्रमांकाच्या आरंभी 'सीयू' ही अक्षरे असतात.

शस्त्रांची निवडही काळानुसार बदलते. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यातील राज्यपाल भवनावर २८ क्रमांकाच्या तुकडीतील मिग-२१ एफएल विमानांनी ५७ मिलिमीटर रॉकेटांचा मारा केला. त्या मोहिमेतील विमान दाखवायचे असल्यास पंखांखाली रॉकेटांची नळकांडी हवीत. किटच्या पेटीवरील चित्रात क्षेपणास्त्रे असली, तरी ती येथे चुकीची ठरतात.

## रंगकाम व खुणा

सुरुवातीच्या अनेक एफएल विमानांवर रंग नव्हता. धातूचा पत्रा उघडाच असे. अशी प्रतिकृती अवघड मानतात, कारण धातुछटेच्या रंगाखाली प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. त्यासाठी पृष्ठभाग अतिशय बारीक प्रतीच्या पेपरने ओला घासून गुळगुळीत करतात आणि वेगवेगळ्या पत्र्यांना किंचित भिन्न छटा देतात. १९७१ च्या युद्धकाळात अनेक विमानांवर घाईने छद्मरंग चढवण्यात आला. बायसन विमाने पुढे निळसर करड्या छटांत दिसत.

हवाई दलाची वर्तुळाकार खूण बाहेरून आत केशरी, पांढरी व हिरवी असते. ती व क्रमांक पाण्यात भिजवून सरकवण्याच्या डिकलने लावतात. खरखरीत पृष्ठभागावर डिकलखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात, म्हणून आधी चकचकीत वार्निशचा थर देतात. शेवटी मंद वार्निश देऊन चमक कमी करतात.

क्रमांकाची निवड हा केवळ सजावटीचा प्रश्न नाही. २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार १९७१-७२ पासून एप्रिल २०१२ पर्यंत मिग श्रेणीची ४८२ विमाने अपघातग्रस्त झाली व त्यांत १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले. या आकड्यांत मिग-२१ सह इतर मिग विमानेही येतात. प्रतिकृतीवर घातलेला क्रमांक एखाद्या वैमानिकाच्या अखेरच्या विमानाचा असू शकतो. त्यामुळे क्रमांकाचा इतिहास तपासून, प्रतिकृतीसोबतच्या फलकावर तुकडी, वर्ष व प्रसंग यांची अचूक नोंद करणे योग्य समजतात.

## हवामानाचा परिणाम

रंगकामावर तापमान व आर्द्रता यांचा मोठा परिणाम होतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो आणि हवा कोरडी असते. अशा वेळी एअरब्रशमधून निघालेला रंग पृष्ठभागावर पोहोचण्यापूर्वीच वाळू लागतो व पोत खरखरीत होतो. ॲक्रिलिक रंग सुईच्या टोकाशी साचतो. यासाठी पहाटे काम करणे आणि रंगात वाळणे लांबवणारे द्रावण घालणे हे उपाय आहेत. पावसाळ्यात लॅकर प्रकारच्या वार्निशवर ओलाव्यामुळे पांढुरकी झाक येते. धान्य व मिरचीची उलाढाल आणि मालमोटारींची वर्दळ असलेल्या कळमन्यासारख्या भागात धूळ हा मुख्य अडथळा असतो. तेथे फरशीवर पाणी शिंपडून, पंखा बंद ठेवून रंग देणे व ओली प्रतिकृती लगेच झाकणाच्या डब्याखाली ठेवणे उपयुक्त ठरते.

## सुरक्षितता

सिमेंट, लॅकर व थिनर यांची वाफ आरोग्यास अपायकारक असून ज्वालाग्राही असते. काम खेळत्या हवेत, ज्योतीपासून दूर करावे व फवारणीच्या वेळी योग्य मास्क वापरावा. रेझिन घासताना ते ओले ठेवावे, कारण त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. शिसे हाताळल्यावर हात धुवावेत. कटरचे पाते बोथट झाल्यावर जास्त जोर लावावा लागतो व ते निसटण्याचा धोका वाढतो, म्हणून ते वेळेवर बदलावे. विद्यार्थ्यांनी हे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली करावे.

## शैक्षणिक उपयोग

प्रतिकृती बांधताना गुणोत्तर व प्रमाण, पदार्थांचे गुणधर्म, विमानरचना आणि समकालीन इतिहास यांचा प्रत्यक्ष परिचय होतो. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागात विमान प्रतिकृतींची निर्मिती हा प्रशिक्षणाचा भाग आहे. या विभागाची २ महाराष्ट्र एअर स्क्वाड्रन नागपुरात आहे. हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालयही नागपुरातील वायुसेना नगर येथे आहे. प्लॅस्टिकचे संच बहुतांशी आयात होत असल्याने महाग पडतात. त्यामुळे शाळांमध्ये पुठ्ठा, थर्माकोल किंवा बाल्सा लाकूड वापरून मापांनुसार प्रतिकृती करण्याचा पर्याय स्वीकारता येतो. मिग-२१ सेवेतून गेल्यामुळे त्याच्या आवृत्त्यांमधील फरक यापुढे छायाचित्रे, संग्रहालयातील विमाने व अचूक प्रतिकृती यांतूनच पाहता येतील.

## हे सुद्धा पहा

* मिग-२१
* हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड
* भारतीय हवाई दल
* राष्ट्रीय छात्र सेना
* ओझर